चिखलदऱ्यात गरम होणारा माणूस

मामाजी,

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सकाळपासून या व्हरांड्यात येरझारा घालते आहे. आता गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा बसले लिहायला. तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा आपण आर्णीला एकाच घरात राहत होतो, आणि सुनेनं सासऱ्याशी जे काही बोलायचं ते सासूबाईंच्या मार्फत बोलायचं, अशी आपली रीत होती. 'मामाजींना विचारा, अजून भाकर वाढू का,' असं मी त्यांना म्हणायची. तुम्ही हातभर अंतरावर पाटावर बसलेले असायचात, सगळं ऐकलेलं असायचं, तरी उत्तर त्यांच्याकडूनच फिरून यायचं. आता तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, सासूबाईही गेल्या. मधे कुणी उरलं नाही, म्हणून थेटच लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही टिपेश्वरला आलो आहोत, वाघ बघायला. तुमचा नातू पुण्याहून आला आहे, सोबत त्याची बायको. लग्नाला अजून वर्ष व्हायचं आहे, आणि आम्हा चौघांची ही पहिलीच सहल. मे महिन्याच्या सुट्ट्या, सगळीकडे गर्दी, म्हणून त्यानं इथं एकच खोली घेतली. एक मोठा पलंग, एक ओढला की पलंग होणारा सोफा, आणि वरून एक जादा गादी. 'आई, चौघं मस्त मावतो,' असं मला फोनवर सांगत होता. मावायचं काय घेऊन बसलास, मी मनात म्हटलं, आपल्या घरात कापूस भरलेला असायचा तेव्हा त्याच्या कडेकडेनंसुद्धा पाहुणे मावायचे. प्रश्न मावण्याचा नव्हताच. पण फोनवर हे सांगायचं कसं, ते मला सुचलं नाही, आणि इथंच माझं पहिलं पाऊल चुकलं.

काल जेवणं झाली आणि आम्ही खोलीत आलो. तुमचे चिरंजीव बनियन आणि हाफ चड्डीवर पलंगावर आडवे, पोटावर रिमोट. दिवसभर कृषी केंद्राच्या काउंटरवर बसणारा माणूस, सुट्टी मिळाली की त्याला अंग पसरायला अख्खा पलंग पुरत नाही. एसी असा जोरात लावलेला की माझी बोटं गार पडली. पोराचं मोबाइलवर काहीतरी चाललेलं. आणि पोरगी सोफ्याच्या अगदी काठाशी पाय दुमडून बसलेली, नाइट ड्रेसवर ओढणी दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून. ती वर्ध्याची आहे, बोलायला मोकळी आहे, सासऱ्याला तोंडभरून बाबा म्हणते, क्रिकेटवरून त्यांच्याशी भांडतेसुद्धा. ही मुलगी कसल्या रीतीभाती पाळत असेल असं कुणाला वाटणार नाही. पण बोलणं वेगळं आणि सासऱ्यासमोर आडवं होणं वेगळं. डोळे झोपेनं मिटत होते तिचे, मान मधूनच खाली जात होती, आणि तरी ती पाठ टेकत नव्हती. ते बसणं मी ओळखलं. तसं मी चिखलदऱ्यात बसले होते.

चिखलदरा तुम्हाला आठवत असेलच. ऐन डिसेंबर, कापसाचे सुरुवातीचे वेचे आटोपलेले, आणि तुम्ही अचानक ठरवलंत की सुनेला फिरवून आणायचं. लॉजवाल्याकडे एकच खोली निघाली. दोन लोखंडी खाटा आणि मधे जमीन. सासूबाईंनी उभ्याउभ्या व्यवस्था लावली. एका खाटेवर तुम्ही, दुसऱ्या खाटेवर हे, खाली त्या स्वतः, आणि त्यांच्या पलीकडे भिंतीला लागून मी, मांडीवर तुमचा हाच नातू, तेव्हा अंगावर पिणारा. तो भुकेनं रडतो आहे. मी पदर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून बसले आहे आणि मला काही सुचत नाही. घरी असं कधी झालं नव्हतं. घरी तुम्ही स्वयंपाकघराकडे यायचे असलात की अंगणातूनच खाकरत यायचात, उंबऱ्याबाहेर उगाच चपला झटकत उभे राहायचात, मी पदर सावरून घेईपर्यंत. इथं खाकरून तरी काय करणार, तुम्ही खाटेवरच होतात.

तेवढ्यात तुम्ही उठलात आणि सतरंजी काखेत मारलीत. 'मले इथं गरमते बा. मी वरांड्यात टाकतो.'

सासूबाई तुमच्याकडे बघतच राहिल्या. 'येड लागलं का तुमाले? लोकायचे दात वाजून राह्यले अन् तुमाले गरमते?'

'तुले वाजत असन थंडी. माह्या अंगात लय गरमी आहे,' असं म्हणत तुम्ही स्वेटरवर कोट चढवलात, कानाला मफलर गुंडाळलात आणि दार ओढून घेतलंत. हे खाटेवर पडल्यापडल्या खोखो हसत होते. मी मान वर केली नव्हती, पण जाताना तुम्ही माझ्या कोपऱ्याकडे बघितलं नाहीत, हे मला कळलं. माणूस मुद्दाम बघत नाही तेव्हा ते कळतंच. पोरगं प्यायलं, शांत झालं, आणि मी पाय लांब करून आडवी झाले. सकाळी तुमचा आवाज पार बसलेला. चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणालात, 'काय मस्त झोप लागली राजेहो.' आणि दुसऱ्या रात्रीही तुम्हाला गरम झालं.

पुढे त्या गरमीची घरात किती गंमत झाली, तीही तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाकार्यात पंगतीला बसलं की कुणीतरी काढणारच, 'आमच्या बाबाले चिखलदऱ्यात गरमलं होतं,' आणि सगळे हसणार. तुम्हीही हसायचात. तुमच्या तेराव्यालासुद्धा यांनी तीच गोष्ट सांगितली, रडता रडता हसले सगळे. मी वाढत होते, वाढतच राहिले. खरं काय ते सांगायचं म्हणजे मी त्या रात्री कशी बसले होते तेही सांगावं लागलं असतं. तुम्ही इतकं निगुतीनं झाकलेलं मी चारचौघांत उघडं कशी करणार? म्हणून आजही यांना वाटतं, त्यांच्या वडिलांच्या अंगात गरमी होती.

तर काल हेच सगळं डोक्यात घेऊन मी पलंगाच्या कडेला उभी होते. मला वाटलं, यांच्या अंगातही तुमचं रक्त आहे, आपसूक कळेल. कशाचं काय. मी आधी सरळ वाटेनं गेले. 'अहो, बाहेर छान वारा सुटला आहे. गादी व्हरांड्यात टाकायची का?'

'बाहीर? मच्छर उचलून नेतीन मले. एसी सोडून कायले जाऊ मी बाहीर?'

मी डोळ्यांनी खूण केली. तर म्हणे, 'डोळ्यात काही गेलं का वो तुझ्या?' मी म्हटलं, मला एसीत थंडी वाजते, चला ना सोबतीला. तर एसी दोन घरं कमी केला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तिकडे पोरीची मान पुन्हा एकदा खाली गेली आणि ती दचकून सावरून बसली, आणि माझं डोकं फिरलं. तुम्ही मला कधी आवाज चढवलेलं ऐकलं नाही, मामाजी, पण तुमच्यानंतर मी बरीच शिकले आहे. मी सरळ म्हणाले, 'अहो, ती पोरगी तुमच्यासमोर आडवी कशी होईल? उठा, चला बाहेर.'

पोरगी कानापर्यंत लाल झाली. 'नाही हो आई, मला काहीच प्रॉब्लेम नाही,' असं म्हणाली आणि ओढणी अजूनच घट्ट ओढली. पोरगा माझ्यावरच उखडला, 'आई, हे काय काढलंस आता? आजकाल कोण पाळतं असलं?' आणि हे उठले. गादी गुंडाळली, उशी उचलली, दारात थांबून म्हणाले, 'मले आधीच सरळ सांगाचं ना, बाहीर झोपा म्हनून. मी काय परका आहो?' त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी. दार त्यांनी हळूच लावलं, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

लाज वाटली मला. तुम्ही एवढंसं खोटं बोललात आणि खोलीतल्या कुणालाच काही लागलं नाही. मी खरं बोलले आणि एकाला खोलीबाहेर काढलं, दुसरीला चव्हाट्यावर आणलं. रात्रभर मनात एकच. ही पोरगी आता आमच्यासोबत पुन्हा कुठं यायची नाही. दिवाळीला येईल, पाया पडेल, गोड बोलेल आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरेल. मला मुलगी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. या मुलीनं मला मोबाइलवर पैसे पाठवायला शिकवलं, माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरशी स्वतः फोनवर बोलली. तिच्यासमोर मी एवढी आडमुठी ठरावी, हे काही केल्या मनातून जाईना.

आज उजाडायच्या आत सफारीची जिप्सी येणार होती. मी जाणार नव्हते, गुडघ्याला ते हादरे सोसत नाहीत. व्हरांड्यात आले तर हे गादीवर आडवेतिडवे, तोंड उघडं, झकास घोरत होते. मच्छरांनी काही त्यांना नेलं नव्हतं. मागून पोरगी चहाचे दोन कप घेऊन आली. केस विंचरलेले, पण डोळे सुजलेले. यांच्याकडे बघून आवाज खाली आणत म्हणाली, 'आई, आज तुम्ही काहीच बोलू नका हं. आज गाद्या मी लावते. पलंगावर बाबा खिडकीकडून, मग तुम्ही. खाली मी, तुमच्या बाजूला. आणि हा दाराशी, सोफ्यावर. आधी लाइट बंद करायचा, मग मी होते आडवी. झालं.'

'तुला अवघडल्यासारखं होईल गं,' मी म्हटलं.

'होईल थोडं. पण काल जास्त झालं. बाबा बाहेर होते ना, मला झोपच लागली नाही. सारखं वाटत होतं, आपल्यापायी मोठं माणूस बाहेर पडलं आहे.'

'अगं, ते तर घोरत होते.'

'माहीत आहे. ऐकत होते मी,' ती म्हणाली, आणि हसली. मग कप खाली ठेवून विचारलं, 'तुम्हाला कधी असं झालं नाही का, आई?'

मी काही बोलणार तेवढ्यात जिप्सीचा हॉर्न वाजला. यांना उठवलं, ते टोपी शोधत बसले, पोरगा ओरडायला लागला, आणि सगळे गेले. तेव्हापासून मी इकडून तिकडे फिरते आहे. उन्हं वर आली, समोरचा साग नुसता काड्यांचा उभा आहे, सावलीला पानसुद्धा नाही. मघाशी खोली झाडायला बाई आली. व्हरांड्यातल्या गादीला हात लावून विचारलं, 'हे आत नेऊ का मावशी, का आजबी कोनी बाहीर झोपनार हाय?' मी म्हटलं, राहू दे, सांगते मग. ती दोनदा येऊन विचारून गेली. एवढ्याशा गोष्टीचं उत्तर मला देता येईना, कारण पोरीनं विचारलेल्याचं उत्तर आधी द्यायचं राहिलं होतं.

हा कागद मी हे लोक यायच्या आत फाडून टाकणार आहे. यांच्या हाती पडला तर त्यांची चिखलदऱ्याची गंमत जाईल, आणि वडिलांची तेवढी एक गंमत त्यांच्याजवळ राहिलेली बरी. गादी मी स्वतःच ओढत आत नेली, पोरीनं सांगितलं तिथं घातली. रात्री तिनं पुन्हा विचारलं तर तिला सांगेन. पण आधी तुम्हाला सांगायला हवं.

तुम्ही बाहेर गेलात त्या रात्री मी आडवी झाले, पण झोपले नव्हते, मामाजी. तुमचा खोकला दारातून ऐकू येत होता. पोराला सासूबाईंच्या कुशीला सरकवून मी अंधारात उठले. माझी शाल तुम्हाला द्यायची होती, आत या म्हणायचं होतं. पण सासूबाई गाढ झोपल्या होत्या, आणि त्यांच्याशिवाय तुमच्याशी कसं बोलायचं ते मला येत नव्हतं. दाराच्या कडीला हात लावला, आणि परत येऊन पडले.