जो फ्रेंच बोलेल, त्याने भांडी घासायची

रविवार, ३ मार्च १९७४. सँ-दनी.
आजपासून घरात शुद्ध स्पॅनिश. पॅरिसच्या कडेला आलेल्या आमच्या लोकांनी भाषेची पार खिचडी केली आहे. बायको अंपारो आणि मुलगी एल्व्हिरा तर एका घासात दोन्ही भाषा चावतात. नियम केला: जेवताना ज्याच्या तोंडून फ्रेंच शब्द निघेल, त्याने भांडी घासायची.
उद्या 'शांतिए'वर लवकर जायचंय म्हणालो, तर अंपारो म्हणे, बांधकामाला आपल्याकडे असं म्हणत नाहीत, हे फ्रेंच झालं. कामाचे शब्द धरायचे नाहीत, असं जाहीर केलं.

१० मार्च.
सुपाच्या पहिल्याच चमच्याला एल्व्हिरा घसरली. मागोमाग अंपारो. दोघी किचनमध्ये. दार लावून घेतलं. लाज वाटत असणार.

१७ मार्च.
पुन्हा दोघी. आतून हसू ऐकू येत होतं. शिक्षा भोगताना हसायचं! कोडगेपणा, दुसरं काय. टेबलावर मी एकटा. पण शुद्ध.

२४ मार्च.
स्पॅनिश क्लबात डॉमिनो. अभिमानाने सांगितलं, पोरगी सुधारतेय, हल्ली माझ्यासमोर जवळजवळ बोलतच नाही. समोर खेळणारा फेर्मिन माझ्याकडे नुसता बघत राहिला. जळतो मेला.

३१ मार्च, संध्याकाळ.
फेर्मिनने हात दाबून अभिनंदन केलं. कशाचं? म्हणे एल्व्हिराचं लग्न ठरलं, जूनमध्ये दूर ल्यों शहरात चालली, मुलगा प्लंबर आहे, गुणी आहे. अख्ख्या क्लबाला माहीत. बापाला नाही!
घरी येऊन जाब विचारला. अंपारो म्हणाली, सगळं भांडी घासताना ठरलं. दोघी मुद्दाम फ्रेंच शब्द टाकून उठत होत्या. लेकीला मनातलं सांगायला दोन्ही भाषा लागतात, म्हणे, आणि तुमच्या टेबलावर एकच वाढतात.
माझाच नियम, माझ्यावरच उलटवला. आपलेच दात, आपलेच ओठ. फार लागलं. या पोरीला मी खांद्यावर बसवून सरहद्द ओलांडली होती.

७ एप्रिल.
ठरवलं, आज मीही चुकायचं. त्या दोघी आत गेल्यावर रिकाम्या टेबलाला मोठ्याने फ्रेंचमधून आभाराचं 'मेर्सी' म्हणालो आणि नियमाप्रमाणे उठलो.
दार उघडलं. दोघी पोट धरून हसत होत्या, मला पाहताच गप्प. मी टॉवेल उचलला. एल्व्हिराने तो हळूच काढून घेतला आणि विचारलं, बाबा, आपणांस काही हवं होतं का?
अगदी शुद्ध स्पॅनिश. एकही चूक नव्हती.