मधोमध एकटे घर

प्रिय सुखदेवभाऊ,

तुमच्या निधनानंतर दहावीचा भूगोल शाळेने माझ्या स्कंधांवर ठेवला. संस्कृताचा शिक्षक भूगोल शिकवतो आहे. हसा, तुम्हाला तेवढी मुभा आहे! आज ‘मानवी वसाहती’ हे प्रकरण होते. मी विखुरलेल्या वस्तीचे उदाहरण विचारले. जंगलातला एखादा टोला, चार झोपड्यांचा पाडा, मला अपेक्षित होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, नव्या गावातलं सुखदेव सरचं घर.” वर्गात कुणीही हसले नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही गेलात तेव्हा त्या घराचे जोतेही भरले नव्हते. पुढचा वृत्तांत तुम्हाला ठाऊक असण्याचा संभव नाही.

एक्याऐंशीच्या जनगणनेत घुग्घुसकडच्या तुमच्या गावी आपण दारोदार फिरलो, आठवते? तहान लागली की मला तांब्या मिळे, तुम्हाला ओंजळ. मी लज्जेने भूमिगत होऊ पाहत होतो आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत म्हणालात, “पंडितजी, कायबी करा, मोजताना मी बी एक अन् पाटील बी एकच!”

मग कोळशाच्या खाणीला जमीन लागली आणि गाव उचलून माळावर नेण्याचे ठरले. लोक रडत होते. तुम्ही नकाशे काढत बसलात! जुन्या गावी तुमची बौद्ध वस्ती नाल्यापलीकडे होती. माळावर नालाच नव्हता. “घरं हालून राह्यली, तं वेस बी हालली पायजे,” असे म्हणून तुम्ही सभेत हट्ट धरलात : प्लॉट चिठ्ठ्या टाकूनच द्या. मडक्यातून तुमच्या नावाने ऐन मध्यावरचा प्लॉट निघाला. इतका निर्लज्ज आनंद मी कुणा शिक्षकाच्या मुखावर पाहिलेला नाही. महिना उलटण्याआधी तुमचे हृदय थांबले. अगदी वेळ साधून गेलात हो, भाऊ!

कारण नंतर अदलाबदल सुरू झाली. एकाला भावाच्या शेजारी राहायचे होते, दुसऱ्याच्या बैलांना म्हणे पूर्वेचेच दार मानवते. प्रत्येकाचे कारण निष्कलंक! ‘जात’ हा शब्द कुणाच्याही ओठी आला नाही. पण ही सारी कारणे एकत्र झाली आणि जुने गाव जसेच्या तसे उभे राहिले. नाल्याच्या जागी सडक आली, एवढाच काय तो विकास.

मी सभेत व्याख्यान दिले. दोन श्लोक, एक दृष्टान्त. सर्वांनी माना डोलावल्या, मला चहा पाजला, आणि पाटील अत्यंत प्रेमाने म्हणाले, “मस्त बोलता जी तुमी! पण हे आमी आपसात जमवून राह्यलो. तुमी यात नोका पडू.”

तुमचे सख्खे काकाही आपल्या लोकांत, सडकेपलीकडे गेले. त्यांना कोणत्या तोंडाने दोष देऊ? ते म्हणाले, “एकट्या घरानं काय लढावं, मास्तर? रातच्याले हाक मारली तं ओ देणारं कोणी पायजे ना!”

तुमच्यामागे घर बांधायला काढलेल्या शेवंतावहिनी मात्र हलल्या नाहीत. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी प्लॉट बदलले. ज्यांना ते मिळाले, ते तिथे बांधत नाहीत. मधोमध अर्ध्या छपराचे ते एकच घर, आणि भोवती गवत. आता काकांनी आपल्या लगतची जागा वहिनींना देऊ केली आहे. होकार-नकार लवकर हवा आहे.

परवा मी गेलो, तर त्यांनी मलाच विचारले, “पंडितजी, तुमीच सांगा. राहू का जाऊ?”

सर्व विभक्ती मुखोद्गत असलेल्या या विद्वानाला एक क्रियापद सुचले नाही! ‘राहा’ म्हणावे, तर त्या एकांतात मी राहणार नाही, त्या राहणार. ‘जा’ म्हणावे, तर तुम्ही जिंकलेली तेवढी एक जागा मीच परत दिल्यासारखे होते.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, “नाई सांगता येत ना? मलेबी नाई येत.”

भाऊ, तुम्ही तरी काय सांगितले असते? खरेच सांगा, तुम्हाला तरी उत्तर आले असते का?

मी एवढेच वचन देतो. वहिनी राहिल्या, तर उरलेल्या छपरावर कवेलू चढवायला मी येईन. गेल्या, तर बैलबंडीत सामान भरायला येईन. आणि दोन्ही प्रसंगी तोंड बंद ठेवीन. याहून जड काही उचलण्याची माझी शक्ती नाही, हे तुम्ही जाणताच.

तुमचा निरुपाय झालेला,
पंडित