जपानची पद्धत आणि आपली गाडीवाट

चि. भूपेश,

पुन्हा तेच! फोनवर मला शिकवत होतास, आपल्या घटनेत हायकोर्टाची घडण इंग्रजांची, कायदा रद्द करायचा कोर्टाचा अधिकार अमेरिकेकडून घेतला, आणि ‘कायद्याने ठरवलेली पद्धत’ जपानची. मी सातवीत शाळा सोडून कामाला लागलो म्हणून तू वकिलीचं शिकतोयस, आणि मलाच धडे देतोस?

एवढ्या देशांचं घेतलं, तरी काकाने अडवलेली आपली गाडीवाट उघडली नाही. ऊस शेतातच वाळतोय ना? तो बाहेर काढायला जपानवाला येणार आहे का?

मी म्हणत होतो, कोर्ट सोडा. काकाला महादेवासमोर बेलभंडारा उचलायला लावा, देवाची शपथ घेऊन तो खोटं बोलणार नाही. तू हसलास. आबांनी मात्र माझं ऐकलं.

आणि काल मायचा फोन आला. “तुन्हा काका बेलभंडारा उचलीसन खोटं बोलना रे. वाट कधी व्हतीच नही म्हणे.” रडत होती. तेव्हापासून घास उतरत नाही. पण तिला सांग, मी पोटभर जेवतो, तिरुपूरची हवा मानवली. तिचा गुडघा कसा आहे? आबा कुणाशी बोलतात का?

आता जा त्या तुझ्या परक्या कोर्टात. देवाला न भिणारा माणूस तिथे काय बोलतो ते लिहून तरी घेतील. पण हसलास तर येऊन कानाखाली देईन.

तुझाच भाऊ,
भाग्येश

वकिलाला द्यायला आठ हजार पाठवतोय.