लॉनमधली हुमणी

९ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी लॉनला पाणी घातलं. पिवळे डाग वाढलेत. दुपारी वरण-भात. मृदुलाला पुण्याला फोटो पाठवला. म्हणाली, "बाबा, पाणी पुरे. गवत ओढून बघा." ओढलं, तर चटईसारखं हातात आलं. मुळंच नाहीत. खाली जाड पांढऱ्या अळ्या, अंग मुडपून पडलेल्या. हुमणी.
कुसुमने हे गवत काडी काडी लावलं होतं. तिला जाऊन वर्ष झालं. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत लॉन जाईल.

११ सप्टेंबर
खंडेराव मार्केटला गेलो तेव्हा बुरशीचं औषध आणलं. पाण्यात कालवून संध्याकाळी मुळांशी ओतायचं. त्यातल्या बुरशीने अळीला रोग होतो म्हणे. नवमीला पाहुणे आहेत. नंतर टाकेन.

१५ सप्टेंबर, सोमवार
अविधवा नवमी. कुसुमचे भाऊ उदयसिंहराव आणि त्यांची बायको स्नेहल डभोईहून आले. खीर, वडे, अळूची भाजी — पान कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं. कावळे आले. पानाकडे बघितलंही नाही. लॉनवर उतरले आणि गवत उपटून हुमणी खायला लागले.
आम्ही तिघं हात जोडून उभे.
"ताईला गोड कधी आवडलंच नाही," उदयसिंहराव म्हणाले.
स्नेहल म्हणाली, "अहो, ताई एकट्या. कावळे तर पाच आहेत."
"बाकीच्या माहेरच्या असतील."
मी औषधाचं सांगितलं. ते गंभीर झाले. "दाजी, तिच्या ताटात विष कालवणार?"
विष नाही, बुरशी आहे, म्हणालो. त्यांनी आणखी वाईट तोंड केलं.
खीर आम्हीच संपवली.

१७ सप्टेंबर
उदयसिंहरावांचा फोन. "ताई येऊन गेली?"
येऊन गेली, म्हणालो. सगळं उकरून ठेवलंय.
"पोटभर खाल्लं ना?"
उद्या औषध टाकतोय, म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

१८ सप्टेंबर
फाटकाकडच्या अर्ध्या भागात औषध ओतलं. मी असल्या गोष्टी मानत नाही. ती असती तर तिनेच हाकलले असते कावळे. उरलेलं उद्या.

१९ सप्टेंबर
संध्याकाळी बादलीत औषध कालवलं. कोपऱ्यात एकच कावळा खात होता. हाकललं तरी हलेना.
"कुसुम, सरक जरा," म्हणालो.
सरकली.
बादली तिथेच ठेवली. आत येऊन कुकर लावला.