मेडिकलचं रक्त

प्रिय मैमुनाबुबू,

सलाम. हे पत्र आपल्या गावचा नूरुद्दीन तुझ्या हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. तो कायमचाच परत येतोय. त्याच्या जागी इथला सौदी मुलगा लागला, खलास. आमचे हेही बंदराच्या स्टोअरमध्ये अशाच एकाला काम शिकवताहेत. मुलगा गुणी आहे, यांच्यासाठी खजूर घेऊन येतो, आणि हे घरी येऊन तोंड पाडून बसतात, कारण तो शिकला की यांची खुर्ची त्याची. म्हणून तर आमच्या पोराला, तौकीरला, इथे लवकर चिकटवायची आम्हाला एवढी घाई होती. पण आज मला तौकीरचं लिहायचं नाही. तुझ्या रय्यानची काळजी लागून राहिली आहे.

मागे फोनवर तू म्हणालीस की पोरगा सुकत चाललाय, सारखा माठाशी उभा असतो, रात्रीतून उठतो, क्रिकेट खेळताना पायाला लागलं ते अजून ओलंच आहे. वर हसलीस, निकाह लावून दिला की भरेल अंगाने. मीही तुझ्याबरोबर हसले. आता ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो.

गेल्या वर्षी तौकीर मुंबईला व्हिसाच्या मेडिकलला गेला आणि साखर भरमसाट म्हणून अनफिट होऊन आला, तेव्हा आपण दोघींनी फोनवर किती रडून घेतलं. अब्बांचा पाय साखरेने गेला तो आपण पाहिलेला. त्यात हा जाडजूड, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. मी इथे थुवालमध्ये, तो तुझ्याकडे. तू त्याचा चहा वेगळा केलास, मेथीचं पाणी पाजलंस, सांदण केलंस की त्याच्या पुढून ताट उचलून रय्यानच्या पुढे ठेवलंस. काडी पहिलवान आहे, खाऊ दे त्याला, म्हणायचीस. या वर्षी तौकीर मेडिकलला पास होऊन इकडे आला तेव्हा मी सगळ्या बायकांना सांगत सुटले की माझ्या बहिणीच्या पथ्याने पोरगा बरा झाला.

परवा इथे डॉक्टर आले होते. ज्यांच्या घराण्यात साखर आहे अशा तरुण पोरांच्या रक्तवाहिन्या तपासत होते. हाताला पट्टा आवळून रक्त अडवायचं, मग सोडायचं आणि आतली नस किती फुलते ते पडद्यावर बघायचं. मीच तौकीरला ओढत नेलं. डॉक्टर हैदराबादचे, हिंदीत नीट समजावत होते. वीस वर्षांच्या पोरांच्यासुद्धा नसा आतून ताठर होत जातात, बाहेरून काही दिसत नाही, दुखत नाही, आणि घरात आजार असला तर बारीक पोरंही सुटत नाहीत. तौकीरला म्हणाले, वजन उतरव, बाकी नसा चांगल्या आहेत. मी मोठ्या अभिमानाने गेल्या वर्षीचा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो पाहिला, याचं आजचं रक्त पाहिलं, आणि विचारलं, हा माणूस कोण? एवढी साखर मेथीच्या पाण्याने जात नसते, म्हणाले. बाहेर आल्यावर तौकीरने सगळं कबूल केलं.

बुबू, खाली बस आणि मग पुढचं वाच. गेल्या वर्षी व्हिसाच्या एजंटने पोरांच्या कानात भरलं होतं की घराण्यात साखर आहे, जाड्याचं रक्त कशाला देता, बारक्याला उभा करा. मावसभावांचे चेहरे एकसारखे, रांगेत कुणी निरखून पाहिलं नाही. तौकीरच्या नावाने सुई रय्यानने टोचून घेतली. निकाल आला तेव्हा दोघांनी ठरवून टाकलं की लॅबची चूक असेल, आणि आपल्या दोघींच्या भीतीने गप्प राहिले. या वर्षी मात्र तौकीरने स्वतःचंच रक्त दिलं. तौकीर वर्षभर तुझं पथ्य मुकाट पाळत राहिला. मी तीनदा फोन केला. घरातला फोन रय्यानच्याच खिशात. दोनदा म्हणाला अम्मी नमाज पढतेय, तिसऱ्यांदा मी विषय काढताच कट केला. त्यालाही इकडे यायचंय ना, एकदा आजार लिहिला गेला की व्हिसा गेला, असं धरून बसलाय. त्याच्यावर ओरडू नकोस. नूरुद्दीनला गाडी घेऊन यायला सांगितलंय, तो दारात उभा असेल. रय्यान कुठे असेल तिथून त्याला घे आणि आजच रत्नागिरीला मोठ्या डॉक्टरकडे ने. आणि निघण्याआधी त्याच्या पायातला मोजा काढून जखम स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

तुझीच,
तबस्सुम