मागचं झाकण उघडू नका

३ मार्च, शनिवार
कॅमेरा घेतला. रोलवाला. जुन्या बाजारात कुलुपं आणि बंद घड्याळांच्या ढिगात पडला होता. बाबांकडे पूर्वी होता, अगदी तस्साच. मी निम्मी किंमत बोललो, विकणारा लगेच हो म्हणाला. शंकेची पाल तिथेच चुकचुकली. इतक्या झटकन हो म्हणणारा माणूस काहीतरी लपवतो. घरी येऊन पाहिलं तर रोल पुढे सरकवायचा लिव्हर जागचा हलत नाही. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. मला फसवणं सोपं नाही.

संकल्प: २५ तारखेला बाबांना ऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी याच कॅमेऱ्याने त्यांचा फोटो. घरातले पाचही अल्बम चाळले. आई आहे, मी आहे, काका-काकू आहेत, शेजाऱ्यांची मांजरसुद्धा दोनदा आहे. बाबा नाहीत. कॅमेरा कायम त्यांच्या हातात, दुसऱ्या कोणाला हात लावू देतील तर शपथ. एका फोटोत अंगणात त्यांची सावली तेवढी पडली आहे. मोबाइल समोर धरला की पाठ फिरवतात. त्यांचा एक धड फोटो घरात असावा असं मला फार वाटतं. हे कोणाजवळ बोललेलो नाही.

४ मार्च
ही म्हणाली, आधी मिक्सर उघडून ठेवलाय तो जोडा. विषयांतर.
दुरुस्तीवाल्यांची जात मला माहीत आहे. आतले अस्सल भाग काढून घेतात आणि नकली बसवतात. उपाय सुचला. हिचं लाल नेलपॉलिश आणि टूथपिक. मागचं झाकण उघडून शटरच्या पात्यांवर बारीक ठिपके दिले. बाहेर तळाशीही एक. भाग बदलला की चोर सापडलाच.

६ मार्च
दुरुस्तीवाला म्हणजे जिन्याखालचं टेबल आणि एका डोळ्यावर भिंग. भिंगवाला माझ्याकडे बघतच नाही, कॅमेऱ्याकडे बघतो. म्हणाला, लिव्हरचं काम पाच मिनिटांचं आहे, शुक्रवारी फोन करतो. पाच मिनिटांच्या कामाला शुक्रवार कशाला?

९ मार्च
भिंगवाल्याचा फोन. लिव्हर झाला, पण शटरच्या पात्यांना कसलासा लाल चिकटा लागलाय, एकेक पातं सोडवावं लागेल. घरात लहान मुलं आहेत का, असंही विचारलं. मुलांचा काय संबंध? काम वाढवून सांगायची ही जुनी युक्ती. माझे ठिपके सुबक होते, शिवाय मी फुंकर मारून वाळवले होते. हा चिकटा वेगळा.

१० मार्च
नेलपॉलिशची बाटली अर्धी कशी झाली, अशी घरात चौकशी. मी पेपर वाचत राहिलो.

१७ मार्च
कॅमेरा मिळाला. घरी येऊन शटर तपासलं. ठिपके गायब! तळाचा तेवढा शाबूत. पाती बदलली, दुसरं काय? परत गेलो आणि आडून आडून विचारलं. भिंगवाला म्हणाला, साहेब, आठ दिवस तोच लाल रंग खरवडतोय. चोराच्या उलट्या बोंबा. पण २५ तारीख तोंडावर, म्हणून गिळलं. रोल त्यानेच भरून दिला, मला भरू दिला नाही. वर बजावलं की छत्तीस फोटो होईपर्यंत मागचं झाकण उघडू नका, संपला की माझ्याकडेच आणा. उघडू नका? का बरं? पाणी मुरतंय ते तिथेच.

२५ मार्च, रविवार
सकाळी ८.३०. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात खुर्चीवर. कॅमेरा बघितला. हातात घेतला, लिव्हर ओढला, कानाशी धरून शटरचा आवाज ऐकला आणि हसले. आई गेल्यापासून ते असे हसलेले मी पाहिले नव्हते. माझे डोळे भरून आले. ऊन होतं.

९.१५. चौतीस झाले. बाबा हसताना, चहा पिताना, आईबद्दल बोलताना. इतके छान फोटो आजवर कोणी काढले नसतील.

९.२०. बाबा पाणी प्यायला आत गेलेत. विचार करतोय. रोल त्याने माझ्याकडे पाठ करून भरला होता. मुळात भरलाच नसेल तर?

९.२२. उघडून पाहिलं. रोल आहे. नीट न्याहाळून खात्री केली आणि झाकण लावलं. भिंगवाल्यावर उगाच संशय घेतला. मोठ्या मनाने कबूल करतो.

९.३०. बाबांनी कॅमेरा मागितला. आता तू बस, म्हणाले. उरलेले दोन त्यांनी काढले. एक हिचा, एक माझा.

२६ मार्च
रोल धुवायला भिंगवाल्याकडे दिला. नाइलाज.

३१ मार्च, शनिवार
भिंगवाल्याने पट्टी उजेडासमोर धरली. चौतीस फोटो पार काळे. हिच्या फोटोला अर्ध्यावर भाजल्यासारखा डाग. म्हणाला, मध्येच कोणीतरी झाकण उघडलंय, उजेड गेला की खेळ खलास. मी म्हटलं, घरात लहान मुलं फार.

शेवटचा तेवढा लख्ख आलाय. मी खुर्चीवर बसलोय, एक डोळा बारीक करून कॅमेऱ्याकडे बघतोय, हात अर्धा पुढे, जणू कोणी तो पळवून नेणार आहे. माझ्या पायांपर्यंत अंगणात बाबांची सावली.

बाबांना खरं सांगून टाकलं. वाटलं, चिडतील. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, दुरुस्ती उत्तम झालीय, माणूस प्रामाणिक दिसतो. मी म्हटलं, नवा रोल आणतो, परत बसा. तर म्हणाले, रोल आण.

संध्याकाळी आणला. कॅमेरा बाबांच्या कपाटात आहे, किल्ली त्यांच्या खिशात. मागितला तर देत नाहीत. म्हणतात, तू झाकण उघडशील.