दोनशे आठनंतरची पानं

४ मार्च, सोमवार

'शिवणवर्गातला खून' अखेर फाटला! म्हणजे पुस्तक. दुसऱ्या प्रतीची पाठ उसवून पानं हातात यायला लागली. तीन वर्षांत इतके हात लागलेत की पत्राही झिजला असता. पहिली प्रत अजून तग धरून आहे. दुसरी आज मावशीकडे बांधणीला पाठवली.

मला विचाराल तर (कोण विचारतंय म्हणा!) आमच्या ग्रंथालयातली सगळ्यात लाडकी कादंबरी हीच. एक घड्याळजी मरतो, शिवणवर्गातल्या झाडून सगळ्या बायकांवर संशय, आणि एक निवृत्त नर्सबाई मोजा विणता विणता खुनी शोधून काढते. रक्त थेंबभरसुद्धा नाही. मी चारदा वाचली.

अध्यक्ष टेबलापाशी येऊन म्हणाले, "अजून त्यांच्याकडेच देता बांधणी? जानेवारीत नकाशांचं पुस्तक उलटं शिवलं होतं." मी म्हटलं, एकदा होतं कुणाचंही. "आणखी एकदा झालं की यंत्रवाल्याला देऊ. तो स्वस्तही आहे आणि तरुणही." माणूस कादंबऱ्या वाचत नाही, नुसत्या मोजतो.

मावशीकडून हे काम गेलं तर ती दिवसभर करणार काय? भिंतीकडे बघत बसेल.

९ मार्च, शनिवार

आली प्रत! निळं कापड, पाठ अशी ताठ की बघत राहावं. जुना अभिप्रायांचा कागद मावशीने सोडवून पाकिटात घालून दिला, नेहमीसारखा. मी पाकीट खणात टाकलं, नवा कागद चिकटवला.

हा कागद म्हणजे आमच्याकडची जुनी चाल. मागच्या पुठ्ठ्याच्या आत रेघांचा कागद. वाचून झालं की एक-दोन ओळी लिहायच्या, खाली फक्त सभासद क्रमांक. नाव नाही, म्हणून लोक खरं लिहितात. पहिल्या प्रतीवरचे तर मला पाठ आहेत. 'झोपेच्या गोळीपेक्षा गुणकारी. हे कौतुक आहे.' 'पोलीस इतके बावळट नसतात. क्र. १४.' (हवालदारकाका, निवृत्त. त्यांनी तीनदा वाचली!) 'खुनी चाळिसाव्या पानावर ओळखला, तरी ठेववेना.' 'शेवट फार गोड. खुनी शिवणबाईला चहा काय पाजता?'

नवी बांधलेली प्रत घरी आणली. आईने लगेच ओढून घेतली. पहिली पाळी तिची, हे ठरलेलं.

११ मार्च, सोमवार

आईने कौतुक केलं! आईने! जिला माझी चहा गाळायची पद्धतसुद्धा पसंत नाही! नव्या कागदावर पहिलीच ओळ तिची. 'खुनी कोण हे न सांगता थांबणं याला छाती लागते. बांधणी मजबूत. क्र. ३१.'

पहिलं वाक्य मी धड वाचलंच नाही, डोळे दुसऱ्यावर खिळले. बांधणी मजबूत! पाच वर्षं झाली दोघी बहिणी बोलत नाहीत. आजोबांच्या शेवटच्या आजारात कोण जास्त जागलं यावरून. आई म्हणाली होती, "तू नुसती बसून होतीस." मावशी उठली, चपला घातल्या, गेली. तेव्हापासून चकार शब्द नाही. आमच्या घरात तिचं नावही निघत नाही. निघालंच तर 'ती'.

आणि आज हे. मी प्रत पिशवीत टाकली. बोलले असते तर खोडरबर शोधलं असतं तिने.

१४ मार्च, गुरुवार

प्रत तीन दिवसांत चार घरं फिरून आली. औषधाच्या दुकानातल्या बाई लिहितात, 'क्र. ३१ शी सहमत. शेवट धाडसी! वाचकावर एवढा विश्वास कोण टाकतं?' त्याखाली कुणीतरी, 'आधी चिडलो. मग तासभर विचार करत बसलो. सलाम.' त्याखाली, 'खुनी न सांगायचा होता तर दोनशे पानं आमचा वेळ का घेतला?' आणि त्याच्या बाजूला बाण काढून, 'तुमचा वेळ फारच मौल्यवान दिसतो.'

हसले. मग हसू थांबलं. खुनी सांगितला नाही? म्हणजे काय? शिवणबाई की!

प्रत उघडली. पान दोनशे आठ. नर्सबाई सगळ्यांना खोलीत बसवते, चष्मा पुसते. "सांगते," ती म्हणाली.

पुढे कोरा कागद. पुठ्ठा. संपलं!

सोळा पानांची एक घडी असते, फर्मा म्हणतात तिला. मावशी एकेक फर्मा शिवत जाते. शेवटचा, चौदावा, शिवायचाच राहिलाय. कबुली, चहा, सगळं त्यात.

अध्यक्षांना कळलं की काम गेलं. आणि आईला कळलं तर? तिने चुकून केलेलं कौतुकच तिच्या तोंडात हत्यार होईल. "बघ, मी म्हणतच होते." नकोच.

१७ मार्च, रविवार

मावशीकडे गेले. सांगायचंच असं ठरवून. ती खिडकीपाशी बसून शिवत होती, सुईत दोरा ओवायला चार वेळा चुकली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे गं, उजेड कमी आहे." बाहेर लख्ख ऊन होतं.

खळीच्या भांड्याखाली कागदांची घडी ठेवलेली, टेबल खराब होऊ नये म्हणून. भांडं उचललं. खळीचे गोल डाग, आणि त्यातून अक्षरं. 'मीच केला,' शिवणबाई म्हणाली.

तिला ते छापील पान आहे हेसुद्धा दिसलेलं नाही.

"काय गं, काय बघतेस?" काही नाही म्हटलं. "निळं कापड आवडलं का वाचकांना?" मी म्हटलं, खूप. आणि बाहेर पडून रस्त्याच्या वळणावर रडले, भरदिवसा, पिशवी हातात धरून.

१९ मार्च, मंगळवार

अभिप्राय अकरा झाले. सात जणांना शेवट आवडला. काय लोक आहेत! वेडे आहेत आणि मला प्रिय आहेत. पुस्तकच तसं आहे, अर्धं मिळालं तरी पोट भरतं.

शनिवारी वाचकांची बैठक, विषय हीच कादंबरी. अध्यक्षांनीच फलकावर लिहिलं. झालं माझं कल्याण.

२३ मार्च, शनिवार

आल्या आल्या लिहायला बसले.

तीस-बत्तीस जण. आईही आली, पहिल्या रांगेत. सुरुवात छान. एकजण म्हणाला, या लेखिकाबाईंनी साध्या माणसांना खुनाच्या गोष्टीत मानानं बसवलं. टाळ्या. मग औषधवाल्या बाई उठल्या. "शेवट मोकळा ठेवला हेच मोठेपण."

हवालदारकाका ताडकन उभे. "मोकळा कसला? शिवणबाईने कबुली दिली!"

"तुमचा अंदाज आहे तो."

"अंदाज? पान दोनशे चोवीस!"

"पुस्तक दोनशे आठला संपतं, काका."

अध्यक्षांनी दोन्ही प्रती मागवल्या. मी कपाटापाशी जाऊन उगाच शोधल्यासारखं केलं. किती वेळ शोधणार? दिल्या. त्यांनी शेजारी ठेवल्या, पानं चाळली, माझ्याकडे पाहिलं. "ही बांधून आलेली ना?"

तेवढ्यात आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"ही प्रत मूळचीच अशी आहे. छापखान्यातूनच एक फर्मा कमी आलेला. मी पूर्वी वाचली तेव्हाही दोनशे आठलाच संपत होती. यात बांधणाऱ्याचा काय दोष?"

आईचा आवाज असा की अध्यक्षही खाली बसले. "असं होय," म्हणाले. "छापखान्याचा गलथानपणा." मग तासभर वाद रंगला, कोणता शेवट बरा. मतदान झालं! सोळा विरुद्ध चौदा, 'सांगते' वर थांबणारा जिंकला. हवालदारकाका फुरंगटून चहा न घेता गेले.

जिवात जीव आला. नशीबच म्हणायचं. आईचा गैरसमज झाला आणि मावशी वाचली. तीन वर्षांत काय वाचलं ते आईला कुठे आठवतंय!

२४ मार्च, रविवार

ग्रंथालयातला खण आवरताना ते पाकीट सापडलं. दुसऱ्या प्रतीचा जुना कागद. चौथी ओळ, आईचं टोकदार अक्षर, दोन वर्षांपूर्वीची तारीख. 'शिवणबाई खुनी निघाली, वाईट वाटलं. तिला शेवटी चहा दिला ते बरं केलं. क्र. ३१.'

घरी येऊन कागद आईसमोर धरला. तिने वाचला, घडी घातली, उशीखाली सारला. "पहिल्याच दिवशी कळलं मला, पानं नाहीत ते. नीट दिसत असतं तर तिने एक पान सोडलं नसतं," म्हणाली. मग पदर सावरत उठली. "तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेते. तुझं ऐकायची नाही ती."

चपला घालून गेलीसुद्धा.